कटिंगकाका आणि दुसऱ्याचा हात

कटिंगकाका मुळातच तापट. त्यांच्या खुर्चीत बसून गल्लीतल्या दोन पिढ्यांनी केस कापून घेतले आणि बोलणीही खाल्ली. हृदयाची झडप बदलायची ठरली तसे ते एकदम गप्प झाले. ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डमधला माणूस छातीवरचे केस काढायला मशीन घेऊन आला, तेव्हा कुठे ते मूळ पदावर आले.

"अहो, गवत कापताय का? कातडी ताणून धरा."

"रोजचंच काम आहे, काका."

"रोज असंच करता? कमाल आहे."

बायको म्हणाली, "अहो, करू द्या त्यांना. तुम्हाला काय नवरदेव व्हायचंय?"

स्ट्रेचर आत जाईपर्यंत काका त्या माणसाला बोलत होते. बायकोचा हात मात्र त्यांनी असा आवळला होता की तिची बोटं पांढरी पडली.

घरी आल्यावर सगळे त्यांना काचेच्या बरणीसारखं जपू लागले. बरणी आतून धुमसत होती. "बाबा, रागावू नका, हार्टला बरं नाही," असं म्हणत मुलगी हातातला तांब्यासुद्धा काढून घ्यायची. मग त्यांचं डोकं आणखी फिरायचं. वस्तरा धरला तर हात थरथरेल, ही भीती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

एके दिवशी त्यांचा दोस्त, शेजारचा शिंपी, भेटायला आला. केस ताजे कापलेले.

"कुणी कापले?"

"चौकात. भाच्याचं लग्न होतं रे."

"कानामागे केसांची पायरी ठेवलीय. मी मेलो असं धरून चाललास का?"

"मेला असतास तर एवढं ऐकून तरी घ्यावं लागलं नसतं."

"ऊठ. दुकानात चल."

बायको दारात आडवी आली. "डॉक्टरांनी कामाला कधीच परवानगी दिलीय," काका कडाडले. "नाही म्हणणारे या घरात बसलेत." त्यांतले एक आपणच, हे त्यांनी गिळलं.

दुकानात वस्तऱ्याला नवं पातं लागलं. शिंप्याने खुर्चीचे हात घट्ट पकडले.

"हात सोड."

"राहू दे की."

"सोड म्हणतो ना. घाबरायचं काम माझं. तू गिऱ्हाईक आहेस."

शिंप्याने हात मांडीवर घेतले. काकांनी कातडी ताणली, श्वास रोखला आणि पातं टेकवलं. एक रेघ सरळ उतरली. मग दुसरी. पायरी गेली.

"दाढीही करतो," काका गुरकावले.

"आज एवढं पुरे. हृदय मलाही आहे."

काकांनी त्याचं डोकं मागे रेटलं आणि ब्रश साबणात घोळवला.