चेकरअण्णांची हिरवळ

तुळजापूरला देवीच्या दर्शनाला गेले की चेकरअण्णा एक चप्पल एका दुकानाच्या पायरीशी सोडत आणि दुसरी समोरच्या दुकानाशी. चोराला एका पायाची चप्पल काय कामाची, हा त्यांचा हिशेब. दर्शन घेऊन आल्यावर दोन्ही चपला जागच्या जागी सापडल्या की बरं वाटण्याऐवजी त्यांना थोडं चुकल्यासारखंच वाटे. मग ते चपला उलट्या करून बघत, कुणी बदलून तर नाही ना गेलं.

अण्णांची सगळी नोकरी लाल बसमधली तिकिटं तपासण्यात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, तरी त्यांची नजर आधी समोरच्याच्या वरच्या खिशावर जायची आणि मग तोंडावर यायची. उमरग्यात हायवेला लागून माझं औषधाचं दुकान आहे, म्हणून ते मला 'मेडिकल' अशीच हाक मारत. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी ते उजेडात धरून तारीख वाचत, चष्मा पुसून परत वाचत, आणि दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तर त्यालाही वाचायला लावत. "अण्णा, मी तुम्हाला मुदत संपलेलं औषध देईन का?" असं मी एकदा विचारलं.

"तुमी द्याल असं म्या कुठं म्हनलं, मेडिकल? पर तोंडाचं काय, तोंड कायबी बोलतंय. म्या तोंडाशी बोलत न्हाय, तिकिटाशी बोलतो."

मी हसलो, पण मनातून नाही. हेच वाक्य त्यांनी फार पूर्वी मला ऐकवलं होतं, आणि तो मुलगा मीच, हे त्यांनी ओळखलं नव्हतं.

तेव्हा मी जेमतेम मिसरूड फुटलेला मुलगा होतो आणि फार्मसीच्या प्रवेशासाठी सोलापूरला निघालो होतो. वडलांनी तिकिटापुरते आणि वर एका जेवणापुरते पैसे दिले होते. तिकीट मी काढलं होतं. वरच्या खिशात ठेवलं होतं. येणेगूरच्या अलीकडे चेकर चढला आणि खिशात हात घातला तर तिकीट नाही. सगळे खिसे, पिशवी, डब्याचं फडकं झटकून झालं. "साहेब, खरंच काढलंय हो," मी म्हणालो. तेव्हा ते वाक्य आलं. दंड भरायला पैसे पुरेनात, तर त्यांनी मला येणेगूरला उतरवलं. गाडीत आमच्या गावचे एक गृहस्थ होते. ते सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसले, पण गावात बातमी माझ्या आधी पोचली.

प्रवेश पुढच्या वर्षी मिळाला, त्यानं काही अडलं नाही. अडलं ते घरात. वडील म्हणाले, "खरं सांग, तिकीट काढलं व्हतंस का?" मी म्हणालो, काढलं होतं. "मग चेकर काय येडा हाय?" एवढंच म्हणाले आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पण त्यानंतर मला पैसे देताना ते थोडं थांबत आणि माझ्या तोंडाकडे बघत. शेवटपर्यंत बघत राहिले. ते गेले, तेव्हा मी दुकानाचा मालक होतो आणि तरीही त्यांच्या लेखी त्या एका दिवसापुरता खोटा होतो.

असो. तर हे चेकरअण्णा बायको गेल्यावर काही महिने पुण्याला थोरल्या लेकीकडे राहून आले. लेक शाळेत खेळ शिकवते. तिनं आपला जुना गोळ्यांचा संच बापाला दिला, आणि अण्णा लॉन बोल्स नावाचा खेळ घेऊन उमरग्यात उतरले. आता हा खेळ खेळायला कातरलेली सपाट हिरवळ लागते, आणि आमच्याकडे अशी हिरवळ फक्त लग्नाच्या लॉनवर. लॉनचे मालक अण्णांच्या ओळखीचे. चातुर्मासात मुहूर्त नसतात, लॉन मोकळं पडलेलं असतं. तेवढ्या दिवसांपुरती सकाळी खेळायला जागा मिळाली. मालकानं फुकट कशी काय दिली, याबद्दल अण्णांना बरेच दिवस संशय होता. मलाही होता, फक्त माझा अण्णांवर होता.

खेळ तसा सोपा. एक पांढरा लहान गोळा लांब घरंगळत सोडायचा. मग सतरंजीच्या तुकड्यावर पाय ठेवून दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं मोठे गोळे सोडायचे. ज्याचा गोळा पांढऱ्याच्या जवळ, त्याचा गुण. लग्नाचं लॉन असल्यानं पांढऱ्याला आम्ही नवरदेव म्हणत असू आणि बाकीच्यांना वऱ्हाड. मोठे गोळे मुळात एका अंगाला ओढ घेणारे बनवलेले असतात, ते सरळ जातच नाहीत. पहिल्या दिवशी आमच्या सकाळी फिरणाऱ्या टोळीनं ते पाहिलं आणि सगळ्यांचं एकच मत पडलं की गोळ्यात शिसं भरलंय. "समद्याच गोळ्यांत भरलंय," अण्णा शांतपणे म्हणाले. "तुमच्याबी आन् माझ्याबी. मग कुणाची फसवणूक झाली, सांगा."

मला खरा धक्का गोळ्यांनी दिला नाही. अण्णांनी दिला. गेटाबाहेर आल्याच्या चहाला नाक लावून आलं तपासणारा हा माणूस हिरवळीवर पाय ठेवला की बदलून जायचा. कडेला चपला काढायच्या. खेळाआधी प्रत्येकाशी हात मिळवायचा, खेळानंतर पुन्हा मिळवायचा, हरलो तर जरा जास्त वेळ. समोरचा गोळा सोडताना अण्णा खांबासारखे उभे राहत, खोकला आला तर पदराआड हसणाऱ्या बाईसारखे तो उपरण्यात दाबत. सकाळच्या उन्हात सावल्या लांब पडतात. आपली सावली दुसऱ्याच्या वाटेवर पडू नये म्हणून ते दोन पावलं सरकून उभे राहायचे. त्यांनी कुणाच्या सावलीचा विचार करावा, हे मला पचेना. बगळा एका पायावर उभा राहतो तो काही भजन करायला नाही, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

म्हणून मी पाळत ठेवली. चेकरवर चेकर. त्यांचा गोळा मांडवाच्या खुंटीच्या जुन्या खड्ड्यात आपटून उलटा वळला आणि नेमका नवरदेवाला जाऊन चिकटला, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवायला लागलो, तर अण्णांनी हात वर केला. "ह्यो माझा न्हवं, खड्ड्याचा हाय. माफ करा." एकदा उत्तम गोळा पडला असताना स्वतःच म्हणाले, "माझा पाय सतरंजीच्या भाईर व्हता. बाद धरा." कुणी पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी दुसरं काही बघतच नव्हतो. मला वाटलं, हा माणूस लहान लहान खरं बोलून साठवतोय आणि एक दिवस मोठं खोटं वटवणार. कुठंतरी पाणी मुरतंय.

त्यांच्या पिशवीत लेकीनं दिलेली मोजायची टेप होती. कुणाचा गोळा जवळ असा वाद आला की ती काढायची, असा नियमच आहे. अण्णा ती काढू देत नसत. समोरच्यानं "आमचा जवळ" म्हटलं की अण्णा म्हणत, "मग तुमचाच." मी एकदा हटकलं, तर म्हणाले, "इथं तिकीट न्हाय, मेडिकल. इथं तोंडच तिकीट." त्या दिवशी मला त्यांचा जितका राग आला तितका येणेगूरलाही आला नव्हता. ज्याला माझ्या तोंडाची किंमत शून्य वाटली, तो आता येईल त्याचं तोंड चालवून घेत होता. माझ्याच वेळी हे का सुचू नये?

दिवाळी झाली. तुळशीची लग्नं लागली की लॉनवर मुहूर्त सुरू होणार होते, आणि अण्णाही कायमचे पुण्याला लेकीकडे जाणार होते. गुडघे आता ऐकत नव्हते. जाण्याआधी शेवटचा म्हणून सोलापूरच्या एका मंडळाशी सामना ठरला. ती मंडळी पांढऱ्या कपड्यांत, पांढऱ्या टोप्या घालून आली. त्यांच्या म्होरक्याशी अण्णा हात मिळवत होते, तेव्हाच मला तो माणूस आवडला नाही. फार गोड बोलत होता.

सामना अगदी शेवटच्या गोळ्यापर्यंत बरोबरीत गेला. शेवटचा गोळा अण्णांचा. अंगाला वळसा घेत घेत तो वऱ्हाडातून वाट काढत गेला आणि नवरदेवाजवळ थांबला. सोलापूरकरांचा एक गोळा दुसऱ्या बाजूला. मी अगदी जवळ उभा होतो. आमचा गोळा दोन बोटांनी तरी जवळ होता.

"आमचा आहे," त्यांचे म्होरके, टोपीवाले साहेब, पटकन म्हणाले.

"टेप काढा," मी म्हणालो.

अण्णा चालत आले, वाकले, गुडघ्यावर हात ठेवून बघितलं. मग सरळ होऊन म्हणाले, "सायेब म्हनत्यात त्यांचा, तर त्यांचाच." आणि हात पुढे केला. साहेबांनी तो हातात घेतला, पण अण्णांकडे बघितलं नाही. मंडळी चहासुद्धा न घेता गाडीत बसली.

सगळे पांगल्यावर अण्णा गोळे पुसून पिशवीत भरत होते. पिशवी भरली, तिची चेन दोनदा ओढून बघितली. गोळे ते पुण्याला परत नेणार होते, कारण आमच्यापाशी ते टिकतील असा त्यांना भरवसा नव्हता. मी त्यांची पिशवी धरून गेटाबाहेर आलो आणि तिथे माझा बांध फुटला.

"अण्णा, तो माणूस खोटं बोलला. तुम्हाला दिसलं नाही?"

"काय बोलालाव, मेडिकल. दिसलं न्हाय. शक आला. शक येनं आन् दिसनं येगळं असतंय."

"मग टेप का नाही काढली? जन्मभर लोकांचे खिसे उलटे केलेत तुम्ही!"

अण्णा गेटाशेजारच्या कट्ट्यावर बसले. मग म्हणाले, "एक सांगतो. लेकीला सोडून कुणाला सांगितलं न्हाय. एका पोराला म्या येनेगूरला उतरवलं व्हतं. तिकीट काढलंय म्हनत व्हतं, रडकुंडीला आल्तं. म्या ऐकलं न्हाय. गाडी नळदुर्गाला आली, तवा कंडक्टर म्हनला, अण्णा, हे बगा. त्येच शीट, शिटाची फट, आन् फटीत तिकीट. सोलापूरचं. आता गाडी तर माघारी फिरत न्हाय. परतीला येनेगूरला उतरून इचारलं, तर पोरगं चालत गेल्यालं. नाव न्हाय इचारलं, गाव न्हाय इचारलं. कुठं हुडकू?"

माझ्या हातातली पिशवी मी खाली ठेवली.

"लोकं म्हनतील, तवापासून चेकर सुदरला असंल. कुठलं काय. शक घेयाची खोड न्हाय गेली, उलट वाडली. पर लेकीनं ह्यो खेळ दावला तवा म्हनलं, एक तर जागा आसू दे, जिथं मानूस म्हनंल ते खरं. त्यात एखादा टोपीवाला गुण घेऊन गेला तर जाऊ दे. गेटाच्या भाईर मला जमनार न्हाय, मेडिकल. आत जमतंय."

"अण्णा," मी म्हणालो, "तो पोरगा मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी वरच्या खिशाकडे, मग तोंडाकडे. आणि म्हणाले, "कशावरनं?"

इतक्या वर्षांनी तेच. त्यांच्या कानावर अडकवलेली निळी पेन्सिल मला आठवत होती, गाडीची कोणती खिडकी लागत नव्हती ते आठवत होतं, माझ्या डब्याच्या फडक्याचा रंग आठवत होता. यातलं एक सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण मी सांगणार नव्हतो. तेव्हा माझ्यापाशी पुरावा नव्हता आणि मी खरा होतो. आता पुरावा होता, तर तो मला द्यायचा नव्हता. मी वळलो आणि दुकानाच्या दिशेनं चालू लागलो.

"मेडिकल, थांबा."

मागे बघितलं तर अण्णा गुडघ्यावर हात देऊन उठत होते. त्यांनी गेट ढकललं. हिरवळीच्या कडेला चपला काढल्या, दोन्ही शेजारी शेजारी, एकाच जागी. अनवाणी आत गेले, गवतावर उभे राहिले आणि मला हातानं बोलावलं.

"इकडं या. इथं म्हना."

मीही चपला काढल्या. आत गेलो. गवत गार होतं. मी म्हणालो, "तो पोरगा मी होतो, अण्णा. मी तिकीट काढलं होतं."

"काढलं व्हतं," अण्णा म्हणाले. "तुमी तिकीट काढलं व्हतं. माझी चूक झाली." आणि खेळ संपल्यावर करत तसा त्यांनी हात पुढे केला. मी तो धरला.

मला वाटलं होतं, हे ऐकलं की संपेल. संपलं नाही. हे ऐकायला जो माणूस हवा होता, तो तिथे नव्हता. पैसे देताना थांबून माझ्या तोंडाकडे बघणारे माझे वडील मला त्या क्षणी जितके आठवले तितके ते गेले त्या दिवशीही आठवले नव्हते.

"परत एकदा म्हणा, अण्णा," मी म्हणालो. "जरा मोठ्यानं."

कशासाठी, असं त्यांनी विचारलं नाही. छाती भरून श्वास घेतला आणि गाडीत शेवटच्या शिटापर्यंत ऐकू जाईल अशा त्यांच्या जुन्या आवाजात म्हणाले, "पोरानं तिकीट काढलं व्हतं!"