वेळणेश्वरची वाळू आणि आमचा पंप

आमच्या माहेरी मासा म्हणजे ताटातला. तो काचेत ठेवून नुसता बघत बसायचा, हे आमच्याकडे कुणाला सुचणं शक्यच नव्हतं. सुचलं ते माझ्या नवऱ्याला. आई गेल्यावर मी बाबांना वेळणेश्वरहून रत्नागिरीला आमच्या फ्लॅटमध्ये आणलं, पण त्यांचा जीव काही रमेना. जन्मभर एसटी चालवलेला माणूस. दिवसभर खिडकीशी बसून खालच्या रिक्षावाल्यांच्या चुका काढायचे आणि जेवण झालं की म्हणायचे, "दोन दिवस राहतो नि जातो."

दोन दिवस, दोन दिवस करत महिने गेले. मी पहिल्याच दिवशी माझ्या कपाटातला एक कप्पा त्यांच्यासाठी रिकामा केला होता. "कशाला गो? पाहुण्याला कप्पा लागतो काय?" असं म्हणून त्यांनी कपडे पिशवीतच ठेवले आणि पिशवी खाटेखाली सरकवली. आईने जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली पिशवी, गोधडीसारखी जाड. मनात आलं की ती उचलायची नि जयगडची फेरीबोट गाठायची, असा त्यांचा सगळा बेत. केर काढताना ती झाडूला लागली की माझं डोकंच फिरायचं. त्यांनी मागितल्याशिवाय दुसऱ्या कुणाला तो कप्पा द्यायचा नाही, असं मीही ठरवून टाकलं. हट्टात मी त्यांचीच मुलगी!

मग एक दिवस नवरा मारुती मंदिराजवळच्या दुकानातून काचेची टाकी, गोल्डफिश आणि पाणी गाळायचा पंप घेऊन आला. म्हणाला, "बाबांना रहदारी बघायला आवडते ना? ही घ्या घरातली रहदारी." मी म्हटलं, "आणा आणखी खाणारी तोंडं, करणारी मी आहेच." पण काय सांगू, बाबा त्या टाकीपुढे जे बसले ते उठेनात! एक मासा सारखा या टोकाकडून त्या टोकाकडे जायचा, वाटेत प्रत्येकाला ढुशी मारायचा. त्याला त्यांनी कंडक्टर करून टाकलं. "बघ, बघ, तिकीट मागतोय!" असं ओरडून मला पोळ्या सोडून बाहेर बोलवायचे. मीही जायचे. आई गेल्यापासून ते पहिल्यांदा असे मोठ्याने हसत होते, पोळी करपली तर करपली.

फक्त दुकानदाराने दिलेले निळे खडे त्यांना पटेनात. "कुठल्या पाण्यात गो निळे खडे असतात?" घर बघून येतो म्हणून गावी गेले ते येताना पिशवीभर वाळू घेऊन आले. नवरा म्हणाला, दुकानात वाळूसुद्धा मिळते. बाबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. "किनाऱ्यावरचा माणूस वाळू विकत घेतो काय?" तांदूळ धुवावेत तशी त्यांनी ती वाळू पाणी नितळेपर्यंत धुतली आणि टाकीच्या तळाशी पसरली. आपल्या समुद्राची बारीक, मऊ वाळू. टाकी दिसतही छान होती, खोटं कशाला बोलू.

आणि थोड्याच दिवसांत पंप घरघरायला लागला. आधी घर्रर्र, मग खर्रर्र, मध्येच कुणीतरी दात खाल्ल्यासारखा कर्रर्र. माझ्या कानाशी कुणी पाटा-वरवंटा घेऊन बसलंय असं वाटायचं. बाबांनी काचेला कान लावून निदान केलं, "बेअरिंग गेलं. वाईच खोबरेल सोडू काय?"

"सोडा ना! आणि हळद-मीठ पण लावा, म्हणजे रात्रीचं जेवण झालं!"

ते हसले. मीही हसले. पण त्या संध्याकाळी मालिकेतलं बोलणं ऐकू येईना म्हणून मी टीव्हीचा आवाज वाढवला आणि बाबांनी ते बघितलं. उठून पंपाचं बटण बंद केलं. जरा वेळाने मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले, तेव्हा परत चालू केलं. मग खाटेखालून पिशवी काढून मांडीवर घेऊन बसले.

"सकाळच्या गाडीने जातो. मासे त्या दुकानदाराला देऊन टाक. माझ्या पायी घराला ताप नको."

तिकडे बंद घर. चहाची पूड कुठल्या डब्यात आहे हे ज्यांना आईला विचारावं लागायचं, ते बाबा तिथे एकटे काय करणार होते? पण मला रडू यायला लागलं की माझा आवाजच चढतो. "पंपाचा राग पिशवीवर काढायचा नाही!" मी ओरडले. "उद्या तो आवाज बंद करून दाखवते. मग तर राहाल ना?"

"बंद झाला तर बघू," ते म्हणाले. पिशवी काही मांडीवरून खाली ठेवली नाही.

सकाळी त्यांनी चप्पल घालायच्या आत आम्ही कामाला लागलो. नवऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ लावला, मी पंप पाण्यातून काढला, पुसला, त्याचं झाकण उघडलं. आत चिमुकली पाती होती. ती काढून पंप वर्तमानपत्रावर उलटा आपटला, तर भुरुभुरु वाळू पडली. वेळणेश्वरची! पंप ती पाण्याबरोबर ओढत होता आणि पाती रात्रंदिवस ती दळत होती.

आम्ही दोघांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी छताकडे बघितलं. "बेअरिंग नव्हतं तर," ते हळूच म्हणाले, आणि मग आम्ही तिघं जे हसत सुटलो ते पोट दुखेपर्यंत!

मासे बादलीत काढले, टाकी उपसली, वाळू बाहेर काढली. ती टाकून द्यायला माझाच हात धजेना, म्हणून काचेच्या बरणीत भरून शोकेसवर ठेवली. खाली पुन्हा निळे खडे घातले. भरायच्या आधी थोड्या पाण्यात पंप लावून बघितला. खरखर गेली होती, पण बारीकशी गुणगुण उरली होती. टाकी लाकडी टेबलावर होती नि टेबल थरथरत होतं.

"खाली जाड कापड पाहिजे. एसटीचा पत्रा थरथरला की आम्ही गोणपाट घालायचो," बाबा म्हणाले.

मी जुनी चादर शोधायला आत गेले. बाहेर आले तर बाबा खाटेवर बसून ब्लेडने आपल्या पिशवीचे बंद उसवत होते. सावकाश, एकेक टाका. शेजारी त्यांच्या कपड्यांची चळत. मग बाजूची शिवण सोडवली, पिशवी सपाट पसरली, दुहेरी घडी घातली.

"अहो बाबा, आईच्या हातची आहे ती!"

"म्हणून तर," ते म्हणाले. "तिच्या हातचं कधी उसवत नाही. बघ, ब्लेड घ्यावं लागलं."

नवऱ्याने नि मी टाकी उचलली, बाबांनी घडी खाली सरकवली. बादल्या-बादल्या पाणी भरलं. मासे सोडले. बटण लावलं आणि काही ऐकूच येईना. बाबांनी घाबरून काचेला कान लावला. "चालू आहे ना गो?" बुडबुडे वर येत होते. कंडक्टर तिकिटं मागत फिरायला लागला होता.

मी खाली वाकून बघितलं. एवढं पाणी अंगावर घेऊन आईची पिशवी निमूट पडली होती. आता टाकी उपसल्याशिवाय ती कुणाला काढता येणार नव्हती.

बाबा कपड्यांची चळत छातीशी धरून घरभर बघत होते.

"काय गो," ते म्हणाले, "तो कप्पा अजून रिकामा आहे काय?"

मी जाऊन नुसतं कपाट उघडलं.