गाडी तापायची ती जागा

बाबांची अँबेसिडर तापायची. उन्हाळ्यात तर विचारूच नका. बाभुळगावहून यवतमाळपर्यंत शहाण्यासारखी यायची, दारव्हा रोडला लागली की हिचं डोकं फिरलंच. बोरी अरब हे आईचं माहेर. त्याच्या अलीकडे कडुनिंबाखाली एक हापसा आहे, तिथं गाडी थांबायची. वर्षानुवर्षं तिथंच.

थांबल्यावर कामं ठरलेली. बाबा बोनेट उघडून परत सीटवर बसत, कारण पाणी टाकताना इंजिन चालू ठेवावं लागे. आई कॅन घेऊन हापशाकडे निघायची. "तुमी बसा, मी आनतो पानी." वाफ निवली की ओल्या फडक्यानं रेडिएटरचं झाकण काढायची, बारीक धार धरायची आणि बोनेटच्या आडून बाबांशी बोलत राहायची. घरात "जेवता का" आणि "जेवलो" यापलीकडे न जाणारी ही दोन माणसं तिथं एवढं काय बोलत, कोण जाणे. मी मागच्या सीटवर घामानं निथळत चरफडायचे.

गेल्या उन्हाळ्यात आई गेली.

यंदा तिचा पहिला स्मृतिदिन मामांनी बोरीला ठेवला. बाबा म्हणाले, गाडीनंच जायचं. या वयात, भर उन्हात, उकळत्या रेडिएटरपाशी हा माणूस एखाद दिवशी एकटाच पडला तर? मी सरळ गाडी यवतमाळच्या मिस्त्रीकडे नेली आणि म्हटलं, इलेक्ट्रिक पंखा बसवा.

"कायले वो? चालते न थे," बाबा म्हणाले.

"अन् आता पानी कोन टाकनार?" मी म्हटलं.

मिस्त्रीनं पट्ट्यावर फिरणारा जुना पंखा काढला, रेडिएटरला बॅटरीवरचा नवा बसवला, वायरी ओढल्या, फ्यूज लावला. इंजिन तापवून दाखवलं. पंखा आपोआप घुर्रकन सुरू झाला, काटा खाली आला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

बाबांनी एवढंच विचारलं, "म्हंजे आता थांबा लागनार नाई?"

"बिलकुल नाही, काका! सीधे बोरी!" मिस्त्री खुशीत म्हणाला. बाबांनी त्याचा चहा घेतला नाही.

स्मृतिदिनाच्या सकाळी निघालो. मी पुढं बसले होते, आईच्या जागेवर. यवतमाळ सुटलं आणि काटा चढायला लागला. चढतोच आहे! मी फोन लावून मिस्त्रीला फाडफाड बोलले. तो बिचारा "ताई, चेक करून दिलतं न" म्हणत राहिला. बाबा समोर बघत गाडी हाकत होते. हापसा आला, गाडी कडुनिंबाखाली घेतली, उतरून बोनेट उघडलं आणि परत येऊन बसले. इंजिन चालू, दोन्ही हात स्टीअरिंगवर.

मी उतरून पाहिलं. पंखा ठप्प. फ्यूजची जागा रिकामी.

"बाबा, फ्यूज कुठंय?"

त्यांनी पांढऱ्या शर्टाच्या खिशातून तो काढून दाखवला. "सकाळी काढून ठेवला."

"डोकं फिरलं का तुमचं? इंजिन जळलं असतं न!"

"नाई जळत. मले मालूम आहे किती तापते थे."

"पन काहून?"

हापशावर एक बाई घागर भरत होती, बाबा तिच्याकडे बघत होते.

"ती येनार नाई, हे समजते मले," ते म्हणाले. "पन गाडीच तापली नाई, तर तिच्यासाठी थांबू कुठं मी?"

बाबांना रडताना मी स्मशानातही पाहिलं नव्हतं.

मी डिकीतून कॅन काढली. "तुमी बसा, मी आनतो," तोंडातून आपसूक निघालं. पाणी आणलं, वाफ निवू दिली, ओल्या फडक्यानं झाकण काढलं. धार जाड पडत होती.

"हळू," आतून आवाज आला. "तुही माय भदाभदा नोती ओतत."

मी धार बारीक केली. बोनेटच्या आडून मग बाबा बोलायला लागले. मामाच्या घराचं, आईला आवडणाऱ्या अंबाडीच्या भाजीचं, कुठल्या कुठल्या वर्षांचं. माझ्याशी नव्हे. मी हूं हूं करत राहिले.

रेडिएटर काठोकाठ भरला. बाबा अजून बोलतच होते. मी उरलेलं पाणी कडुनिंबाच्या मुळाशी ओतलं आणि कॅन घेऊन परत हापशाकडे गेले.