मोटारीचा अर्थ

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास शेवगावच्या बाजूला विहिरींवर विजेच्या मोटारी बसू लागल्या होत्या. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, त्या बसवायचे. पण त्यांच्याकडे वायरमनचा परवाना नव्हता, म्हणून जोडणीच्या अर्जावर नगरच्या एका परवानेवाल्याची सही लागायची. त्या माणसाने आमच्याकडची एकही विहीर पाहिलेली नव्हती. एक दिवस त्याने सही द्यायचं बंद केलं. मालकांचं काम थांबलं. आता पुन्हा लोकांच्या रानात मजुरीला जावं लागणार, असं दिसू लागलं.

तेवढ्यात सरकारने नियम सैल केला. अनुभव असेल त्याला लेखी परीक्षा माफ, तोंडी द्यायची. मालक शाळेत दोन महिने गेलेले, मी चौथी पास. परीक्षेचं पुस्तक मागून आणलं आणि मी मास्तरीण झाले.

एका पानावर होतं, ‘प्रत्येक मोटारीला अर्थ असला पाहिजे. अर्थ नसलेली मोटार जीवघेणी असते.’

“मोटारीला कसला आलाय अर्थ?” मालक म्हणाले. “नीट वाच की.”

“छापलंय तेच वाचतीय.”

“न्हाई, तू कीर्तनाचं पुस्तक घेतलंस.”

“मग तुमीच वाचा.”

त्यांनी पुस्तक माझ्याकडेच सरकवलं. शेवटी मीच अर्थ लावून दिला. मोटार कशासाठी? पाण्यासाठी. विचारलं तर तसं सांगा. त्यांनी ते पाठ केलं.

पुढचं त्यांनीच सांगितलेलं. नगरला साहेबांनी नेमकं विचारलं, “मोटारीला अर्थ का लागतो?”

“पान्यासाठी.”

साहेबांनी चष्मा काढला. “अहो, अर्थ नसेल तर मोटारीला हात लावणारा मरेल!”

माणूस मरायची गोष्ट निघाल्यावर यांचं डोकं चाललं. “मंग जमिनीची तार म्हना की साहेब! खड्डा खनून, मीठ-कोळसा भरून दर मोटारीला देतो. त्याबिगर बटन दाबत न्हाई.”

“तोच अर्थ,” साहेब म्हणाले आणि पास केलं. इंग्रजीत जमिनीला अर्थ म्हणतात, हे आम्हाला कुठून कळणार?

घरी येऊन पिशवी टेकवायच्या आधी मालक म्हणाले, “मास्तरीनबाई, तुमच्यापायी नापास व्हत हुतो.”

“मी छापलेलं वाचलं,” मी म्हटलं. आजही तेच म्हणते.

परवाना आला. पहिल्या अर्जावर स्वतःची सही करायला बसले, तर हे एकेक अक्षर कोरतच राहिले. अर्जवाला शेतकरी म्हणाला, “दाजी, मोटार बसवायला येवढा येळ न्हाई लागला.” मी हसले नाही. एक अक्षर राहिलं होतं, ते घालायला सांगितलं.