वैशालीनं न लावलेलं अस्तर

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तुमच्यापाशी का बोलतोय — कुणास ठाऊक.

धुळ्यात माझा दातांचा दवाखाना आहे. वैशाली कॉलेजात माझ्या वर्गात होती, माहेर फैजपूरचं. लग्नानंतर ती धुळ्यात आली आणि माझ्या शेजारच्याच गल्लीत तिनं दवाखाना टाकला. हात फार हलका होता तिचा. माझे जुने पेशंट हळूहळू तिच्याकडे वळू लागले. मला वाईट वाटलं का? वाटलं — पण तेव्हा ते मी स्वतःशीही कबूल केलं नसतं.

त्या दिवसांतल्या दुपारी मला धूसरच आठवतात. पडद्यातून गाळून आलेलं पिवळं ऊन, कुलरची घरघर, सगळं जरा पाण्याखाली असल्यासारखं. अशाच एका दुपारी खेड्यावरचे एक नाना आले. वैशालीनं त्यांची दाढ नुकतीच भरली होती.

"डॉक्टर, थंड पानी पिदं का दात ठनकस. ताईनं काही चुकनं का?"

मी आत पाहिलं. काम सुरेख होतं. दाढ भरल्यावर थोडे दिवस असं होतं, मग आपोआप थांबतं — एवढंच तर सांगायचं होतं. किती सोपं होतं, नाही?

मी म्हणालो, "तिनं खाली अस्तर लावलं नाही हो, नाना. लायनर म्हणतात त्याला. ते नसलं की ठणकणारच."

अस्तरानं असा ठणका कमी होतो याला फारसा आधार नाही, हे मला माहीत होतं. असल्या दाढांना मी स्वतःही ते लावणं केव्हाच सोडलं होतं. तरी नानांची दाढ उकरली, अस्तर लावून पुन्हा भरली. ठणका गेला. तो जाणारच होता. नानांनी गावभर सांगितलं. मग दुसरे आले, तिसरे आले, आणि मी त्यांनाही तेच — गुंगीत बोलावं तसं — सांगत राहिलो.

वैशालीचा दवाखाना ओस पडला. मग बंद झाला.

मागच्या उन्हाळ्यात फैजपूरला एका लग्नात ती भेटली. मांडवामागे केळीची पानं संथ हलत होती. आता ती दातांचं काम करत नाही. बोलता बोलता म्हणाली, "मी खूप वाचलं रे. अस्तरानं फरक पडतो असं कुठे ठामपणे सापडलं नाही. पण लोकांचे दात दुखले ना? माझंच चुकलं का?"

ती माझ्याकडे बघत होती — वर्गात शंका विचारायची, तशीच.

"लावायला हवं होतंस," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. मग आम्ही पंगतीत जाऊन बसलो.