कारखान्याच्या गेटवर थांबलेलं सॉफ्टवेअर

गळीत हंगामात कारखान्याबाहेर ट्रॅक्टर लागतात ना, तसे आमच्या हापिसात किस्से लागलेत. एक आत सोडला की मागं दोन येऊन उभे!

हापिस म्हंजे बीडला, बसस्टँडच्या मागं, कटलरीच्या दुकानावर एक खोली. माणसं तीन. सर, म्हंजे मालक. गौतम, म्हंजे हुशार. आणि मी. माजलगावकडच्या एका साखर कारखान्यासाठी आमी प्रोग्राम करत होतो. उसाची गाडी गेटवर आली की टोकन द्यायचा. तो पास झाला तर गौतमचं बीडातच भागणार होतं. न्हाईतर वडलांनी पुण्याची नोकरी ठरवून ठेवलेली. अन् गौतमला पुण्याचं नाव काढलं तरी ताप यायचा.

*

आमचा प्रोग्राम काळ्या स्क्रीनवर कमांड टाकून चालू व्हायचा. चालू झाला की गप. सरांना ते गप राहणं सहन व्हायचं न्हाई.

"कावून बोलत न्हाई हे?"

"सर, बिघडलं असतं तर बोललं असतं," गौतम म्हणला.

सरांना पटलं न्हाई. त्यांनी परत कमांड मारली. परत गप. परत मारली. मग टेस्टिंगला एक ट्रॅक्टर टाकला, तर प्रिंटरमधून टोकनाची माळच निघाली. जितक्यांदा चालू केला, तितके प्रोग्राम आत एकदमच कामाला लागलेले!

सर माळ हातात घेऊन म्हणले, "बघा, लई स्पीड हाय!"

*

म्हणून मी प्रोग्रामला बोलता केला. चालू झाला की लिहायचा, "चालू हाय, सर."

दुसऱ्या दिवशी मी जरा बदल केला. "चालू हाय, सर. चहा सांगा, मग एंटर दाबा."

सरांनी तिघांचा चहा सांगितला. एंटर दाबलं. असं आठवडाभर चाललं. शेवटी गौतमला कोडमधी ती ओळ दिसली.

"काय बे, हे काय लिवलंस? लाज हाय का?"

त्यानं लगेच ओळ दुरुस्त केली. त्या दिवसापासून भजी पण यायला लागली.

*

एकदा प्रोग्राम आमच्याकडं पळत होता, सरांच्या लॅपटॉपवर मरत होता. गौतमनं सकाळ घालवून कारण हुडकलं.

"सर, ह्याला जिथून चालू केलं, तिथंच गाड्यांची फाईल बघतंय. शेजारच्या फोल्डरात डोकवत न्हाई."

सर म्हणले, "मग हे आमच्या मेव्हण्यावर गेलंय. त्याला बी बसल्या जागीच ताट लागतं."

*

अन् मग डेमो. कारखान्याच्या गेटवर शेतकी अधिकारी उभे, मागं खरे ट्रॅक्टर.

गौतमनं सकाळीच एक चूक पकडायला प्रोग्राम डीबगरमधी चालवलेला. म्हंजे दर गाडीला प्रोग्राम मधीच थांबणार, गौतम आत काय चाललंय ते बघणार, आणि बटण दाबलं की पुढं सोडणार. गेटवर घाईत त्यानं कमांड टाईपच केली न्हाई. वरचा बाण दाबला, सकाळचीच डीबगरची कमांड आली, अन् एंटर!

पहिला ट्रॅक्टर आला. प्रोग्राम थांबला. गौतम पांढरा पडला. मला त्याच्या तोंडावर पुणं दिसायला लागलं.

त्यानं हळूच बटण दाबलं. टोकन निघालं. दुसरा ट्रॅक्टर. परत थांबला. परत बटण.

अधिकारी वाकून बघत होते. "म्हंजे ह्या पोरानं दाबल्याबिगर गाडी आत जात न्हाई?"

सर पटकन "व्हय" म्हणले.

"बेस्ट! आमच्या गेटवर कुणीबी वशिल्यानं घुसतंय. पास!"

गौतमनं संध्याकाळी प्रामाणिकपणे ते थांबणं काढून टाकलं. सकाळी त्या अधिकारी साहेबांचा फोन. "अहो, तुमचं सॉफ्टवेअर बिघडलं! गाड्या आपोआप आत चालल्यात!"

गौतम गेला. परत डीबगर लावला. खुर्ची टाकून गेटवर बसला.

साहेब खूश. सरांना बाजूला घेऊन म्हणले, "आता झालं दुरुस्त. पण हे पोरगं पुण्याला-बिण्याला तर जाणार न्हाई ना?"

सरांची पापणीबी लवली न्हाई.

"कसं जाईल, साहेब? इनबिल्ट हाय!"