दादांची पाठ

आमचे दादा, म्हणजे माझे मोठे दीर, चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. लग्न केलं नाही. बोलणंही मोजकंच. सासूबाईंना दवाखान्यात न्यायला उशीर कुणामुळे झाला, यावरून दोघा भावांचं बिनसलं, ते तसंच राहिलं. एकाच टेबलावर जेवायचे आणि मीठ हवं असलं तरी "त्याला सांग" म्हणून माझ्याकडे बघायचे. मी म्हणजे घरातलं टपालखातं. सुरुवातीला राग यायचा, मग तोही येईनासा झाला.

अशात दादांच्या पाठीवर पुरळ उठलं. बारीक, लाल, बरोब्बर मधोमध, आणि खाज अशी की माणूस दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा. साबण बदलला, गादी उन्हात टाकली, चादरी उकळल्या, अंडी बंद केली. पुरळ ढिम्म. डॉक्टर म्हणाले, "ॲलर्जी आहे. कशाची ते सांगता येत नाही," आणि गुलाबी लोशन लिहून दिलं.

पण पाठीला लावायचं कुणी? दादांनी फूटपट्टीला कापूस बांधून बघितलं. पाठ राहिली कोरडी, भिंत गुलाबी झाली. मी पुढे झाले, तर त्यांनी शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावून घेतलं. शेवटी वैतागून मी बाटली नवऱ्याच्या हातात कोंबली. "भाऊ तुमचा, तुम्हीच बघा."

नवरा गेला. दार अर्धवट उघडं होतं.

"जरा वर."

"इथे?"

"हं."

इतक्या वर्षांत एकमेकांशी थेट बोललेलं हे पहिलंच. चेहरे मात्र कोरे, बँकेच्या रांगेत उभे असल्यासारखे. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सगळं इतकं जुनं झालं होतं.

मग रोज संध्याकाळी लोशन. बोलणं तेवढंच: जरा डावीकडे, गार आहे, झालं. जेवताना पुन्हा "त्याला सांग." पुरळ गेलं की हेही जाणार, हे कळत होतं, आणि मला त्याची धास्ती वाटायला लागली. आपल्याला अजून कशाची तरी धास्ती वाटते, याचंच नवल वाटलं.

परवा धुतलेले टॉवेल ठेवायला त्यांच्या खोलीत गेले. दादा पाठमोरे बसलेले, नवऱ्याच्या बोटांवर लोशन. पाठ स्वच्छ होती, औषधालासुद्धा ठिपका नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, "अहो, बरं झालं की हे" अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

"खाजतंय का अजून?" नवऱ्याने विचारलं.

दादा भिंतीकडे बघत राहिले. "खाजतंय," म्हणाले. "तुला काय दिसतंय?"

"लाल आहे," नवरा म्हणाला आणि त्याने बोटं पाठीवर टेकवली. "उद्याही लावावं लागेल."